झाकल्या फुलाची मिरची

आमच्या अकोल्याच्या अंगणात एका पावसाळ्यात दोन कुंड्या शेजारी-शेजारी ठेवल्या होत्या. एकीत आजोळाहून आणलेली गावरान मिरची, दुसरीत हौसेनं लावलेली ढोबळी. त्या वर्षीचा ठेचा नेहमीसारखाच झणझणीत झाला. गावरान मिरचीचं बी धरलं, पुढच्या वर्षी टाकलं, तर काही झाडांना आखूड, गालफुगी मिरची लागली. तिखट होती, पण चव गेली होती. "काहून बाप्पा, यंदाचा ठेचा असा लागून राहिला?" आईनं विचारलं.

चूक कुंड्यांच्या शेजाराची होती. मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे बहुतेक फुलं आपली आपण फळतात. पण अनेक वाणांत स्त्रीकेसराचं टोक परागकोशांच्या वर डोकावतं आणि मधमाश्यांना तेवढं पुरतं. म्हणूनच पायाभूत बियाणं तयार करताना मिरचीच्या दोन वाणांत ४०० मीटर अंतर ठेवण्याचा दंडक आहे. अंगणात ४०० मीटर कुठून आणणार!

ढोबळीशेजारी तिखट मिरची लावली की ढोबळी त्याच हंगामात तिखट होते, असं पुष्कळ जण सांगतात. तसं होत नाही. फळाचा गर आणि आतली पांढरी शीर हे आईझाडाचंच अंग. तिखटपणा देणारं कॅप्सायसिन तयार होतं ते त्या शिरेत; बियांचा तिखटपणा निव्वळ संगतीचा. परक्या परागाची खूण फक्त बीच्या पोटात जाते आणि पुढच्या वर्षी उघडी पडते. तिखटपणाचं जनुक प्रभावी असल्यानं पहिली संकरित पिढी तिखटच राहते. तिचं बी पुन्हा लावलं, तर मात्र साधारण चारांतलं एक झाड अगदी बिनतिखट निघू शकतं. वाटाण्यावर आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचं गणित आमच्या कुंडीत उगवलं ते असं.

दुकानातल्या संकरित बियाण्याचंही हेच. पहिल्या वर्षी भरघोस, पण घरी धरलेलं बी पुढच्या वर्षी नाना रूपं दाखवतं. वरुड तालुक्यातल्या राजुरा बाजारात हिरव्या मिरचीचे ढीग लागतात; ती पिकवणाऱ्या शेतकऱ्याला उत्पन्न बघावंच लागतं, संकरित लावलं म्हणून त्याला नावं ठेवू नयेत. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी संकरित वाणांपुढे तिचं क्षेत्र आक्रसलंच. अकोल्यात राष्ट्रीय वनस्पती अनुवंशिक संपदा ब्युरोचं प्रादेशिक केंद्र आहे, पण तुमच्या आजीच्या मिरचीचं बी तिथं पोचलं असेलच असं नाही. ते घरीच राखावं लागेल.

त्याला एक मलमलची पिशवी पुरते. निरोगी झाडाची कळ्यांनी भरलेली फांदी निवडा, उमललेली फुलं आणि धरलेली फळं खुडा, मग पिशवी बांधा. रोज सकाळी फांदीला हलकी टिचकी मारा. फळं धरली की पिशवी काढून लाल दोरा बांधा, म्हणजे ती चुकून ठेच्यात जाणार नाहीत. पानं आखडून चुरडा-मुरडा झालेल्या झाडाचं बी धरू नका.

हे सगळं पावसाळ्याअखेरीस साधतं. आपल्याकडचा मे महिना चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचा. त्या उष्णतेत पराग निकामी होतात आणि फुलं गळतात. पाणी वाढवून उपयोग नाही. वऱ्हाडच्या काळ्या मातीत जास्त पाणी हेच दुखणं: ती फुगते, हवा कोंडते, मुळं गुदमरतात. कुंडीत निम्मी काळी माती आणि निम्मं शेणखत-रेती घाला. रोपं टाकायची तर उंच वाफ्यावर.

फळ झाडावरच लालभडक होऊ द्या. बी काढून सावलीत खडखडीत वाळवा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत, थंड जागी ठेवा. बरणीवर वाणाचं नाव आणि वर्ष लिहा. पुढच्या वर्षी आठवत नाही. बी काढताना हातमोजे घाला. तरी झोंबलंच, तर नुसत्या पाण्यानं भागत नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. आधी हाताला तेल चोळा, मग साबण लावा. आणि तोवर डोळ्याला हात लावू नका.