टाके विरघळतात, कुजत नाहीत

‘आतून विरघळणारे टाके घातलेत’ एवढं सांगून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले, की खाटेभोवती चर्चा सुरू होते. विरघळणारे म्हणजे आत कुजणारे. कुजणार म्हणजे जंतू होणार. मग जखम चिघळणार नाही ना? जरा वाचन असलेली मंडळी हीच समजूत उलटी करून मांडतात. जैवविघटनशील पदार्थ जिवाणू खातात, आपल्या आतड्यात जिवाणूंची कमी नाही, तेव्हा ताक वाढवा, प्रोबायोटिक सुरू करा, टाके लवकर जातील. भीती वेगळी, सल्ला वेगळा, पण गृहीत एकच: शरीरात जे जे नाहीसं होतं ते जिवाणू फस्त करतात. हे इतक्यांदा कानावर येतं, की एकदा सविस्तर लिहिलेलं बरं.

आज सर्रास वापरला जाणारा विरघळणारा धागा म्हणजे पॉलिग्लॅक्टिन. नव्वद टक्के ग्लायकोलिक आणि दहा टक्के लॅक्टिक आम्लाच्या घटकांची ही लांबलचक साखळी, म्हणजेच पॉलिमर. तिचे दुवे तोडतं ते पाणी. आपल्या मांसात, चरबीत, पडद्यांत असतं तेच साधं पाणी धाग्यात मुरतं आणि एकेक दुवा उसवत जातं. तीन आठवड्यांच्या सुमारास धाग्याची ताकद निम्म्यावर येते, ५६ ते ७० दिवसांत धागा संपतो. साखळी तुटून जे लॅक्टिक आम्ल उरतं ते जिना चढताना आपले स्नायूही तयार करतात; शरीर त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून मोकळं होतं. या सगळ्या कामात जिवाणूंची गरज पडत नाही.

आणि ते तिथे नसावेत यासाठीच तर ऑपरेशन थिएटरचा सगळा खटाटोप असतो. सिझेरियननंतर गर्भाशयाच्या भिंतीवर घातलेल्या टाक्यापर्यंत जिवाणू पोचले, तर त्याला संसर्ग म्हणतात. विणलेल्या धाग्यातून ते दिव्याच्या वातीत तेल चढावं तसे आत चढू शकतात. म्हणून काही धाग्यांना ट्रायक्लोसान हे जंतुरोधक चोपडलेलं असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांनी असे धागे वापरावेत असं सुचवलं आहे. टाक्यासाठी जिवाणूंना आवतण देणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. ताक प्या, चांगलंच आहे. टाक्याशी त्याचा संबंध नाही.

यावर हमखास येणारा प्रश्न: मग त्याच लॅक्टिक आम्लाच्या साखळीचे कप खतात कसे कुजतात? तिथेही पहिला घाव उष्णतेचा आणि पाण्याचाच असतो. मोठ्या खतप्रकल्पात तापमान ५८-६० अंशांपर्यंत ठेवतात, साखळीचे बारीक तुकडे होतात, आणि मग ते तुकडे जिवाणू उचलतात.

खाटेभोवतीच्या त्या भीतीला मात्र थोडा आधार आहे, तो जुन्या कॅटगटचा. मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्यापासून केलेला हा धागा प्रथिनाचा. त्याला शरीरातली विकरं तोडतात, आणि जखमेत पू झाला तर तो वेळेआधीच जातो. कृत्रिम धागे आले, त्यामागे हा बेभरवसाही एक कारण होता.

आता दुसरी बाजू. आतड्यातल्या जिवाणूंचा औषधांच्या आवरणांशी काहीच संबंध नाही, असं कुणी यावरून काढलं तर तेही चूकच. जठरात जिवाणू नाममात्र. मोठ्या आतड्यात एका ग्रॅममागे सुमारे दहा हजार कोटी. हा फरक इतका प्रचंड, की त्याच्यावर गोळी बेतता येते: वाटेत गप्प राहायचं, जिवाणूंची वस्ती लागली की उघडायचं.

याचा पहिला धडा मिळाला तो पॉलिमरवरून नव्हे. स्वीडनमध्ये नाना स्वार्त्झ यांनी १९४०च्या सुमारास सल्फासॅलझिन वापरात आणलं. मोठ्या आतड्याच्या जुनाट दाहावर ते आजही देतात. त्याचे दोन भाग एका ‘अ‍ॅझो’ बंधाने जोडलेले असतात. पेपरकॉर्न आणि गोल्डमन यांनी १९७२मध्ये दाखवलं, की साध्या उंदरांच्या आतड्यात हा बंध तुटतो, पण पूर्णपणे जंतुमुक्त वाढवलेल्या उंदरांत औषध जसंच्या तसं बाहेर पडतं. म्हणजे कात्री जिवाणूंच्या हातात. १९७७मध्ये ऑक्सफर्डमधल्या आझाद खान आणि सहकाऱ्यांनी सुट्या झालेल्या दोन भागांपैकी खरा गुण कशाचा तेही दाखवून दिलं: ५-एएसए, म्हणजेच मेसालामीन. कात्री जिवाणूंच्या हातात, म्हणूनच सल्फासॅलझिन चालू असताना अँटिबायोटिक सुरू होणार असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घालावं.

मग आवरणंच अशी करायचं डोक्यात आलं. १९८६मध्ये सॅफ्रन यांच्या गटाने अ‍ॅझो बंधांनी गुंफलेल्या पॉलिमरमध्ये इन्सुलिन गुंडाळून उंदरांना तोंडावाटे दिलं आणि रक्तातली साखर उतरवून दाखवली. आपल्याकडे वरंगळच्या काकतीय विद्यापीठात गवारीच्या डिंकावर काम झालं. पाण्यात फुगणारा हा डिंक आपले पाचकरस पचवू शकत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू पचवतात. रोजच्या वापरात आलेलं उदाहरण हवं, तर युरोपात मिळणारी मेसालामीनची १६०० मिलिग्रॅमची गोळी घ्या. तिच्या आवरणात दोन कुलपं: एक आम्लता उतरली की विरघळणारं, दुसरं जिवाणूंनी खायच्या स्टार्चचं. पहिलं उघडलंच नाही तरी दुसरं उघडतं.

उरलेले किरकोळ समज उभ्या उभ्या.

‘कॅप्सूल प्लॅस्टिकची असते.’ जिलेटिनची असते, नाहीतर सेल्युलोजपासून केलेली. तिला पोटात साचून राहता येत नाही.

‘साखरेची गोळी शौचातून अख्खी पडली, म्हणजे लागू पडली नाही.’ मेटफॉर्मिनच्या सावकाश सुटणाऱ्या गोळीचा सांगाडा न पचणाऱ्या पॉलिमरचा असतो. जिवाणूही त्याला तोंड लावत नाहीत, औषध मात्र वाटेतच निघून गेलेलं असतं. भरपाई म्हणून दुसरी गोळी घेणं हा शुद्ध वेडेपणा.

‘शरीरात पेशींच्या दसपट जिवाणू असतात.’ २०१६च्या मोजणीत ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी पेशी निघाल्या, म्हणजे जवळपास बरोबरी.

‘गिळायला जड जाते, म्हणून गोळी कुटून द्यावी.’ मोठ्या आतड्यासाठी केलेली गोळी खलबत्त्यात घातली, की तिची दोन्ही कुलपं स्वयंपाकघरातच उघडतात आणि औषध पोचायच्या आधीच वरच्या आतड्यात शोषलं जातं. गिळवत नसेल तर डॉक्टरांकडे दुसरा प्रकार मागा. मेसालामीनचे बारीक दाण्यांचे पुडेही मिळतात, फक्त ते दाणे चावायचे नाहीत.