फेफरे ही बाहेरची बाधा नव्हे

शेतात काम करता करता एखादा तरुण धाडकन पडतो, हातपाय झाडू लागतो, तोंडाला फेस येतो. लगेच कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी दातखीळ उघडायला चमचा शोधतो. मग घरचे ही गोष्ट लपवतात. मुलगी असली तर अधिकच. अशी घरे आम्ही पाहिली आहेत. म्हणून आज फेफऱ्याबद्दल, म्हणजे अपस्माराबद्दल, चार शब्द.

या रोगावर मोलाचे काम कॅनडातील माँट्रिअल शहरी झाले. तेथील मॅकगिल विद्यापीठात डॉ. वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३४ साली मेंदूच्या रोगांची संस्था उघडली. त्यांच्या सख्ख्या बहिणीलाच झटके येत. १९२८ साली तिच्या मेंदूत गाठ आढळली. शस्त्रक्रिया त्यांनी स्वतः केली, पण गाठ पुरती निघाली नाही आणि पुढे ती वारली. त्या दुःखातून संस्थेचा निर्धार पक्का झाला.

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. म्हणून डॉक्टर डोक्याची कातडी तेवढी बधिर करीत व रोग्याला जागे ठेवीत. उघड्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श केला की कोठे अंगठा हलतो, कोठे बोलणे अडते, हे कळे. झटक्यापूर्वीची ओळखीची जाणीव रोग्याला झाली की रोगाचे मूळ सापडे. मग वाचा सांभाळून तेवढाच भाग काढीत. बांध कोठे फुटतो ते पाहून तेवढीच जागा दुरुस्त करावी, तसे हे. डॉ. हर्बर्ट जॅस्पर यांनी मेंदूतील विजेचा आलेख काढून या कामी साथ दिली. याच संस्थेने २०१६ साली आपले संशोधन सर्वांना खुले करण्याचे ठरवले.

यातून आपण काय घ्यावे? फेफरे म्हणजे मेंदूतील विजेचा क्षणिक गोंधळ. ते भूत नव्हे, शाप नव्हे, संसर्गही नव्हे. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. योग्य औषध मिळाले तर शंभरातील सत्तरांपर्यंत रोग्यांचे झटके थांबू शकतात. मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. झटके आटोक्यात येईपर्यंत रोग्याने एकट्याने विहिरीवर जाऊ नये, मळणीयंत्र वा ट्रॅक्टर चालवू नये.

डुकरे पाळणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. कच्च्या राहिलेल्या डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात. ती घाणेरडे पाणी, न धुतलेली भाजी किंवा अस्वच्छ हात यांवाटे पोटात गेली, तर अळ्या मेंदूत घर करतात व झटके सुरू होतात. त्यामुळे मांस न खाणाऱ्यालाही हा त्रास होतो. तेव्हा मांस पूर्ण शिजवा, डुकरे बंदिस्त ठेवा, शौचालय वापरा, हात साबणाने धुवा.

झटका आला तर गर्दी हटवा. विळा, कोयता, चूल, पाणी यांपासून रोग्याला दूर ठेवा. डोक्याखाली मऊ कापड द्या आणि त्याला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, पाणीही पाजू नका. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा शुद्धीवर न येताच दुसरा आला, तर तडक दवाखाना गाठा. पहिलाच झटका असेल तर तो थांबल्यावरही डॉक्टरांना दाखवा.

आणि ज्या घरी हे दुखणे आहे, त्या घरी गुपचूप का होईना, हे पान जरूर पोचवा.