शंभर डॉलरमागे पस्तीस सेंट

पहाटे २.४०
आयोवातल्या हार्डिन काउंटीत ऑगस्टची रात्रही चिकट असते. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. उन्हात भरली तर ट्रकमध्येच दगावतात. म्हणून उन्हाळ्यात भरणी रात्रीच.

शेड लांबलचक, दोन खोल्यांचं. खोलीत १२०० डुकरं मावतात. यातली मोठी आधीच दोन-तीन खेपांत गेली. आज शेवटचा ट्रक, म्हणजे उरली ती सगळी. शेडवाल्या बाई पन्नाशीच्या आतबाहेर. सोबत नवरा आणि शेजारच्या शेतावरचा कॉलेजात जाणारा मुलगा. दाराशी बाक आहे. अलीकडे घरचे बूट काढायचे, पाय उचलून पलीकडे टाकायचे, तिथले गमबूट चढवायचे. बाहेरची माती आत येता कामा नये. २०१३ साली पिलांच्या हगवणीचा एक विषाणू अमेरिकेत पहिल्यांदा शिरला, तेव्हापासून हा बाक कोणी चुकवत नाही.

पहाटे ३.००
ट्रक फळीला लागला. ड्रायव्हर खाली उतरला, पण शेडच्या आत आला नाही. त्यानं ट्रकात राहायचं, घरच्यांनी शेडमध्ये. मधे एक रेघ.

हत्यारं दोनच. कमरेएवढी लाल प्लास्टिकची फळी, आणि आत मणी घातलेलं वल्ह्यासारखं पॅडल, हलवलं की खुळखुळतं. विजेचा दांडका शेडमध्ये दिसला नाही. चार-पाच डुकरं एका वेळी. त्याहून जास्त घेतली की बोळात गर्दी होते, एक मागे वळतं आणि सगळीच वळतात.

बोळाच्या टोकाला पन्हळीची लोखंडी जाळी आहे. ट्रकचा दिवा तिच्यावर पडून ती चकाकते. पहिलं डुक्कर तिथं थबकलं. नाक जाळीला लावलं, फुसकारलं. मागची तिघं त्याच्या ढुंगणाला टेकली. मुलानं पॅडल वर केलं तसा बाईंनी हात आडवा केला. ‘बघू दे त्याला.’ फळी गुडघ्याला टेकवून त्या उभ्या राहिल्या. पाच सेकंद, सात सेकंद. डुकरानं एक खूर जाळीवर ठेवला, मग दुसरा. मग चौघं धडधडत वर गेली. पुढच्या टोळीआधी बाईंनी जाळीवर भुसा टाकला, चकाकी मेली.

हे सगळं वर्गात शिकवतात. पाळणाऱ्यासाठी एक प्रमाणपत्र, वाहतूकदारासाठी वेगळं, दोन्हींची मुदत तीन वर्षं. प्रमाणपत्र नसेल तर मोठे कत्तलखाने माल घेत नाहीत. वर्ग लावायचे, शिकवणारे तयार करायचे, हे राज्यातल्या डुक्करपालकांच्या संघटनेचं एक मोठं काम. आयोवा पोर्क प्रोड्युसर्स असोसिएशन, कचेरी डी मॉइनला लागून क्लाइव्ह गावात.

पहाटे ४.२०
१७० डुकरं चढली. एकेक २८५ पौंडांच्या घरात, म्हणजे १३० किलोला थोडं कमी. ट्रकमध्ये जवळजवळ २२ टन जीव. ड्रायव्हरनं आत पाण्याचा फवारा सोडला आणि लगेच निघाला. थांबलेला ट्रक तापतो, चालता ट्रक वारा खातो.

कुंपणाशी उभ्या उभ्या बाईंनी मला हिशेब सांगितला. डुकराचे २०० डॉलर आले असं धरू. एका ट्रकचे ३४,००० डॉलर. त्यातून शंभर डॉलरमागे ३५ सेंट, हा २०२५चा दर, खरेदीदार परस्पर कापून घेतो. या ट्रकमागे ११९ डॉलर. आपल्याकडे ऊसबिलातून टनामागे कपात होते, तशीच ही. १९८५च्या कायद्यानं आली. सक्तीची आहे, परत मागता येत नाही. पैसा राष्ट्रीय मंडळाकडे जातो, त्यातला काही हिस्सा राज्याच्या संघटनेकडे परत येतो. संशोधन, शिक्षण, जाहिरात यांवर खर्च करता येतो. राजकारण्यांकडे रदबदली करायला यातला सेंटही वापरता येत नाही, त्यासाठी वेगळी, ऐच्छिक वर्गणी.

‘एकशे एकोणीस डॉलरमध्ये काय येतं?’ मी विचारलं.
‘व्हेट एकदा येऊन जातो,’ त्या म्हणाल्या. ‘पण हे राज्यभरातून जमतात.’

राज्यात कुठल्याही दिवशी दोन कोटींहून बरीच जास्त डुकरं असतात. माणसं ३२ लाख.

सकाळी ५.१५
रिकाम्या खोलीत पंखे अजून चालू. आता दुसऱ्या शेडची फेरी. तिथली डुकरं कंपनीची. शेड, वीज, पाणी, मजुरी या घरची. पैसे जागेच्या हिशेबानं मिळतात, वर्षाला डुकरामागे अमुक डॉलर. बाजार पडला तरी तो चेक येतो, बाजार चढला तरी तेवढाच येतो. शेडचं बँकेचं कर्ज त्यावरच फिटतं. स्वतःच्या डुकरांवर मात्र नफाही आपला, खड्डाही आपला. डिसेंबर १९९८मध्ये भाव पौंडाला दहा सेंटांपर्यंत आला होता. डुक्कर विकून आलेल्या पैशात त्यानं खाल्लेला मकाही भागत नव्हता. बाईंच्या सासऱ्यांनी तेव्हा माद्या विकून टाकल्या. पुन्हा माद्या ठेवल्या नाहीत. आता दूध सुटलेली पिलं विकत आणून वाढवतात.

फेरीत एक मेलेलं निघालं. पायाला दोर बांधून बाहेर ओढलं, वहीत नोंद केली. पाण्याच्या निपलांवर एकेक बोट दाबून पाहिलं. दोन मंद होती. नवऱ्यानं तिथंच बसून उघडली, कचरा काढला.

सकाळी ७.३०
अंघोळ झाली. केसांचा वास एका अंघोळीत जात नाही, दोनदा धुवावे लागतात. कॉफी, अंडी, आणि पिकअप दक्षिणेकडे. डी मॉइनला दीड तास. दोन्ही बाजूंना मका, डोक्याहून उंच, तुरे आलेला. त्यातला काही डुकरांच्याच पोटात जाणार. आणि शेडखालच्या आठ फूट खोल टाकीतलं मलमूत्र हंगाम झाल्यावर पंपानं उपसून याच जमिनीत मुरवणार.

वाटेतल्या एका गावच्या कॅफेवर बोर्ड आहे, पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेल्या डुकराच्या मांसाचा, म्हणजे टेंडरलॉइनचा. संघटना २००३पासून दरवर्षी राज्यातलं सर्वांत चांगलं टेंडरलॉइन निवडते. निवडलेल्या कॅफेपुढे मग लांबलांबून गाड्या येतात. पाचशे वस्तीच्या गावात त्या गर्दीनं स्वयंपाकघराला आणखी दोन माणसं लागतात.

सकाळी ९.३०
आयोवा स्टेट फेअर. अकरा दिवसांची जत्रा, दहा लाखांवर माणसं. लोण्यात घडवलेली गाय बघायला रांग, सर्वांत वजनदार वराहाला बक्षीस, मुलांनी वाढवलेल्या जनावरांचे लिलाव. आणि संघटनेचा पोर्क टेंट.

इथं काम करणारे बहुतेक स्वयंसेवक. राज्यात ९९ काउंट्या, त्यांच्या शाखा माणसं पाठवतात. आज हार्डिनवाल्यांची पाळी. पगार नाही. जाळीची टोपी, ॲप्रन, हातमोजे मिळतात. बाईंची पहाटेची पाळी कोणी विचारली नाही. इथं उभ्या असलेल्या निम्म्या माणसांनी पहाटे तेच केलेलं असतं.

सकाळी ११.१०
रांग लागली. मागणी एकाच गोष्टीची, काडीवरची चॉप. काडी म्हणजे खरं तर बरगडीचं हाडच, मुठीत धरायला मोकळं ठेवलेलं. मांस दोन बोटं जाड. बाई ग्रिलच्या मधल्या पट्ट्यावर आहेत, सर्वांत तापलेल्या. उजव्या हातात लांब चिमटा. चॉप टाकली की हाड स्वतःकडे, म्हणजे उलटताना आगीत हात घालावा लागत नाही. चरबीचा कड आधी उभा धरून भाजतात. तो पारदर्शक होतो, मग कडेनं तपकिरी. थेंब गळतो, ज्वाळ उठते, चॉप सरकवायची. थर्मामीटरची सुई हाडाला न टेकता मध्यात. १४५ फॅरनहाइट, मग तीन मिनिटं बाजूला. पूर्वी १६० सांगायचे. २०११ला सरकारनं आकडा खाली आणला. ‘आमच्या आईनं जन्मभर बुटाचा तळवा वाढला,’ शेजारचा भाजणारा म्हणाला. आत जराशी गुलाबी राहिली तर चालते, हे गिऱ्हाइकाला समजावणं हेही स्वयंसेवकाचंच काम.

निवडणुकीच्या वर्षाआधी या ग्रिलवर राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार येतात, ॲप्रन बांधतात, फोटोपुरती चॉप उलटतात. आज कोणी नाही. काम सरळ चाललंय.

दुपारी १.४५
ग्रिलपाशी हात धरवत नाही इतकी धग. अर्ध्या तासानं जागा बदलायच्या, हा नियम. बाईंनी दोनदा मोडला. तिसऱ्यांदा पाळी-प्रमुखानं चिमटाच हातातून घेतला आणि त्यांना कूपनं मोजायला बसवलं.

दुपारी २.३०
मागच्या सावलीत पाणी आणि बर्फ. इथं गोष्टी निघतात. एप्रिल २०२०ची निघाली. कत्तलखान्यांत कामगार कोविडनं आजारी पडले, कारखाने एकामागून एक बंद झाले. डुकरं मात्र रोज दोन पौंडांनी वाढत होती. मागून पिलं यायची थांबेनात. मादी तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांनी विते. तिला बाजार बंद असल्याचं कळत नाही. खाद्यात चोथा वाढवून वाढ मंदावली. काहींनी धडधाकट डुकरं मारून पुरली. ते सांगताना माणसं पेल्यातल्या बर्फाकडे बघत होती.

त्याच दिवसांत राज्याच्या कृषी खात्यानं संघटनेला सोबत घेऊन ‘पास द पोर्क’ सुरू केलं. शेतकऱ्यानं डुक्कर द्यायचं, गावच्या लहान खाटिकखान्यानं कापायचं, देणगीतून कापणावळ भागवायची, मांस फूड बँकेला. शेजारच्या काउंटीतल्या एकानं तेव्हा डझनभर दिली. ‘दोन हजारांपुढे डझन म्हणजे काहीच नाही,’ तो म्हणाला. ‘पण ती तरी कोणाच्या ताटात गेली.’

पेरीजवळून आलेली बाई बोलली. तिथला टायसन कंपनीचा कत्तलखाना २०२४च्या जूनमध्ये बंद झाला. तेराशेच्या आसपास नोकऱ्या गेल्या, आठ हजार वस्तीच्या गावात. डुकरं दुसरीकडे वळली. माणसं इतक्या सहज वळत नाहीत.

सत्तरीपुढचे एक गृहस्थ कोपऱ्यात चॉपचं हाड चघळत होते. २००० साली ही कपात ठेवायची की नाही यावर देशभरातल्या डुक्करपालकांनी मतदान केलं. बंद करा म्हणणारे जास्त निघाले, शेकड्याला ५३च्या आसपास. मग न्यायालयाबाहेर समझोता झाला आणि कपात राहिली. या गृहस्थांचं मत ‘बंद’ला होतं. पैसा लहानाकडून घेतात आणि मोठ्याच्या कामी येतो, हे त्यांचं म्हणणं आजही तेच. मग इथं का येता? ‘मत कपातीविरुद्ध दिलं होतं. शेजाऱ्यांविरुद्ध नाही.’ उठले आणि ग्रिलकडे गेले. मला त्यांचं म्हणणं आणि त्यांचं येणं, दोन्ही पटलं.

दुपारी ४.००
पाळी संपता संपता डी मॉइनची एक तरुण आई काउंटरशी आली. चॉप घेतली, पैसे दिले, मग विचारलं, ‘आमच्या नळातल्या नायट्रेटचं काय?’ २०२५च्या जूनमध्ये शहराच्या परिसरात हिरवळीला पाणी घालायला बंदी होती. नद्यांत नायट्रेट इतकं चढलं की शुद्धीकरण पुरं पडेना. रांग थांबली. बाईंनी छापील पत्रक पुढे केलं नाही. शेतात किती मुरवतात, कधी मुरवतात, थंडीत जमिनीवर आच्छादन म्हणून राय पेरायला दोन वर्षांपूर्वी सुरुवात केली, हे सांगितलं. ‘पुरेसं आहे का?’ ‘नाही,’ बाई म्हणाल्या. आई थोडी थांबली, मुलाचा हात धरून गेली. संघटनेच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा हे उत्तर मला मोलाचं वाटलं.

संध्याकाळी ६.१०
घर. टेबलावर नवऱ्यानं कागद ठेवलाय, दुपारी आलेली पट्टी. १७० गेली, १६९ चालली. एक बाद. वजन, चरबीची जाडी, भाव, आणि खाली बारीक अक्षरात कपातीची ओळ. बाईंनी बादवर पेन्सिलीनं गोल केला. उद्या फोन करून कारण विचारायचं.

संध्याकाळी ७.३०
काउंटी शाखेची बैठक, बँकेच्या मागच्या खोलीत. अकरा माणसं, दोन जांभया देणारी. शाखेचा जोडग्रिल ट्रेलर आहे. लग्न, शाळा, अग्निशमन दल, ज्याला हवा तो मागतो. भाजणारी माणसं शाखेची. उरलेले पैसे ज्याचा कार्यक्रम त्याचे.

पहिला विषय स्वयंसेवी अग्निशमन दलाचा. शनिवारी चॉपचं जेवण, दलाला नवे श्वसनसंच हवेत. ग्रिल द्यायचा हे मिनिटात ठरलं. गॅसची टाकी कोणी भरून आणायची यावर दहा मिनिटं गेली. दुसरा विषय गावच्या अन्नकोठीचा. मांस देतो आपण, पण ठेवायला फ्रीझर एकच, तोही भरलेला. नवा घ्यायचा का? खजिनदार म्हणाला, शिष्यवृत्तीच्या पैशाला हात लावायचा नाही. कोणीतरी म्हणालं, खाटिकखान्याकडे जुना पडून आहे, चालतो. चालतो हे कोणी पाहिलं? कोणीच नाही. मग बाईंनी सांगितलं, गुरुवारी मी त्या बाजूला जाणारच आहे, प्लग लावून बघते. इतिवृत्तात तेवढंच लिहिलं. शिष्यवृत्तीचे अर्ज सात आले होते, पैसे चौघांपुरते, आणि त्यावर आवाज चढायला सुरुवात झाली.