हौसेची फियाट आणि हिशेबाची वही

फियाट म्हटलं की पन्नाशी ओलांडलेल्या कुणाच्याही चेहऱ्यावर हसू उमटतं. पुढच्या अखंड सीटवर तिघं, मागे पोराबाळांसह पाच, टपावर वळकट्या आणि घाटात बॉनेट उघडून रेडिएटरला पाणी! कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ मध्ये आलेली ही इटालियन वंशाची गाडी १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली, पण मराठी घरांत शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा लोक तिच्यासोबत फोटो काढायला धावले.

फोटो काढणं वेगळं आणि गाडी घरी आणणं वेगळं. हा प्रश्न माझ्यापुढे आला तो मागच्या गल्लीतल्या काकूंमुळे. त्यांच्याकडे १९८६ ची पद्मिनी आहे. काका गेल्यापासून ती ताडपत्रीखाली उभी. ‘‘तू घेतलीस तर भंगारात तरी जाणार नाही गं,’’ काकू म्हणाल्या. किंमत सांगितली सव्वा लाख. माझ्याकडे शिकवण्यांतून साठवलेले दोन लाख आहेत. माझे स्वतःचे. ह्यांनी एकच वाक्य टाकलं, ‘‘हौसेला मोल नसतं, पार्किंगला असतं!’’

मैत्रिणींनो, अशा वेळी मन एक बोलतं आणि वही दुसरंच. मी वहीच आधी उघडली.

पहिलं पान पत्र्याचं. इंजिन किती गोड वाजतंय ते पाहून आपण भुलतो, पण ते उतरवून दुरुस्त करता येतं. फियाटचा सांगाडा आणि बॉडी एकच, खाली वेगळी चौकट नाही. त्यामुळे तळ गंजला की गाडीची हाडंच गेली म्हणायची. फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन मी गाडीभोवती फिरले. जिथे ते चिकटेना, तिथे रंगाखाली पत्रा नव्हे, पुट्टी! दारांच्या खालच्या कडा आणि पायाखालची मॅट उचलल्यावर दिसणारी जमीन, दोन्हीकडे गंज होता.

मग ओळखीच्या मिस्त्रींना नेलं. ते अर्धा तास माझ्याशी न बोलता ह्यांच्याकडे बघूनच बोलत होते. ह्यांना स्टेपनी कुठे असते तेही ठाऊक नाही! शेवटी मीच विचारलं, ‘‘मामा, इंजिन गार असतानाच सुरू करून दाखवा. धूर कसला येतो?’’ मग मात्र सूर बदलला. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इथे तो नव्हता. पण चारही चाकांचे ड्रम ब्रेक उघडायला हवेत, असं मामा म्हणाले. रबरी नळ्या, गॅस्केट, पेट्रोल पंपाचा पडदाही बदलावा लागणार. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. हे जुने भाग त्यासाठी बनलेलेच नव्हते. पत्राकाम धरून अंदाज निघाला नव्वद हजारांचा.

दुसरं पान कागदांचं, आणि खरी मेख इथेच होती. आरसी बुकावर नाव अजून काकांचंच. मालक हयात नसेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. मग विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. काकूंचा एक मुलगा पुण्यात, दुसरा परदेशात. ‘‘सही करून देते, घेऊन जा,’’ असं काकू भाबडेपणानं म्हणाल्या. पण तशी नेली असती तर एखाद्या अपघातानंतर पोलीस त्यांचंच दार वाजवणार!

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. २० वर्षांवरच्या मोटारीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये झालं. हरित कर वेगळा. चालू दर आरटीओतच विचारून घ्यावेत. कुणी ‘व्हिंटेज आहे, सवलत मिळेल’ म्हणालं तर हसून सोडून द्या. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. आरसीवरचे चेसिस व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा.

तिसरं पान मनाचं. गाडी कशाला हवी? बाजारहाटाला माझी स्कूटर आहे. लांबच्या प्रवासाला एअरबॅग, एबीएस असलेली गाडी हवी. नातवंडांना घेऊन हायवेला मी फियाट काढणार नाही. उरला रविवार सकाळचा फेरफटका आणि स्टिअरिंगवरचा तो गिअर. एवढ्यासाठी दोन लाख? माझं उत्तर ‘हो’ आलं. पण दोनच लाख, आणि वर्षभराच्या देखभालीसाठी दरमहा दोन हजार. घरखर्चाला हात लावायचा नाही.

हिशेब घेऊन काकूंकडे गेले. घासाघीस करायची जिवावर आली होती, म्हणून मामांची यादीच पुढे ठेवली. नव्वद हजार दुरुस्तीचे, पंचवीस हजार शुल्क, कर, विम्याला. उरले पंच्याऐंशी. काकूंनी पुण्याच्या मुलाला फोन लावला, यादी वाचून दाखवली. बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘पंच्याऐंशी चालतील. पण चालवायची तूच हं.’’

ठरलं असं, की आधी वारसाची नोंद, मग पैसे आणि मगच किल्ली. परदेशातल्या मुलाचं संमतीपत्र यायचं आहे. ह्यांनी तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींकडे पार्किंगची चौकशी करून ठेवली आहे. विरोध मावळल्याची याहून मोठी खूण कुठली?