हाड का मोडले?

हाडांच्या ठिसूळतेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे रजोनिवृत्तीनंतरची स्त्री उभी राहते. ते योग्यच आहे. परंतु घरातील आजोबांचा त्यात सहसा विचार होत नाही. पन्नाशीनंतर जगात दर 3 स्त्रियांपैकी एकीला आणि दर 5 पुरुषांपैकी एकाला ठिसूळ हाडांमुळे अस्थिभंग होतो. पुरुषांची संख्या कमी असली, तरी खुब्याचे हाड मोडल्यावर वर्षभरात दगावण्याचे प्रमाण त्यांच्यातच अधिक आढळते.

अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून इंदूरमध्ये काम करताना एक गोष्ट माझ्या वारंवार ध्यानात आली आहे. न्हाणीघरात पडलेल्या वृद्ध गृहस्थांवर शस्त्रक्रिया होते, ते वॉकर धरून चालू लागतात आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. ‘फरशी ओली होती’ एवढे कारण सर्वांना पुरते. वास्तविक, उभ्या उभ्या पडल्याने निरोगी माणसाचा खुबा सहसा मोडत नाही. ओली फरशी हे निमित्त. मूळ कारण हाडातच असते.

पुरुषांत हे कारण पुष्कळदा शोधल्यास सापडते. दमा वा संधिवातासाठी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतलेले प्रेडनिसोलोन, प्रोस्टेटच्या कर्करोगावरील हार्मोनरोधक उपचार, टेस्टोस्टेरॉनची कमतरता, मद्य, तंबाखू आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचा अभाव ही त्यांतील प्रमुख होत. यांपैकी काही तर आपल्याच औषधचिठ्ठीवर लिहिलेली असतात.

मणक्याचा अस्थिभंग अनेकदा मूकपणे होतो. पाठीला बाक येतो, पायजमा लांब वाटू लागतो आणि ‘वय झाले’ म्हणून विषय संपतो. तारुण्यातील उंचीपेक्षा 4 सेंटिमीटर वा अधिक घट झाली असेल, तर मणक्याचा एक्स-रे अवश्य काढावा.

उपचार उपलब्ध आहेत आणि ते परिणामकारकही आहेत. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अॅसिड दिलेल्या स्त्री-पुरुष रुग्णांत नवे अस्थिभंग 35 टक्क्यांनी आणि मृत्यू 28 टक्क्यांनी कमी झाल्याचे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. केवळ पुरुषांवरील 2012 च्या अभ्यासात मणक्याचे नवे अस्थिभंग 67 टक्क्यांनी घटले. अर्थात औषधापूर्वी कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाचे कार्य तपासणे आवश्यक आहे. डेक्सा तपासणी उपयुक्त खरी. परंतु किरकोळ पडण्याने खुबा मोडला असेल, तर तिच्या प्रतीक्षेत उपचार लांबवू नयेत.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती एवढीच, की रुग्णाला घरी पाठवताना डिस्चार्ज कार्डावर अस्थिभंगाच्या संभाव्य कारणाची आणि पुढील तपासण्यांची नोंद करावी. कुटुंबीयांनीही न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवावा, रात्री वाटेत दिवा ठेवावा, मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी, आणि टाके काढण्याच्या दिवशी डॉक्टरांना निःसंकोचपणे विचारावे, “हाड जुळेल, पण ते मोडले का?”