दिवसाचे घर

सकाळी नऊच्या सुमारास शहरातील कित्येक घरांत एकच पेच उभा राहतो. मुलगा कचेरीत जावयास निघालेला असतो, सूनही कामावर निघालेली असते, नातवंडे शाळेत गेलेली असतात. आणि ऐंशीच्या घरात आलेले आजोबा, ज्यांना काठीवाचून चालवत नाही व गॅस चालू ठेविल्याचे स्मरण राहत नाही, ते दिवसभर एकटे उरावयाचे असतात. त्यांना वृद्धाश्रमात नेऊन ठेवावे असे कोणाच्या मनात नसते. त्यांना एकटे सोडण्याचा धीरही कोणास होत नाही. पुष्कळदा या पेचाचा निकाल एकाच रीतीने लागतो. घरातील एखादी स्त्री, बहुधा सून किंवा मुलगी, आपली नोकरी सोडते.

या दोन टोकांच्या मधला मार्ग म्हणजे वृद्धांचे डे केअर केंद्र होय. सकाळी म्हाताऱ्या माणसाने तेथे जावे, चार समवयस्कांत बसावे, जेवावे, थोडी विश्रांती घ्यावी, औषध वेळेवर घ्यावे आणि दिवेलागणीस आपल्या घरी परतावे, अशी ही योजना आहे. केरळात अशा केंद्रांस ‘पकल वीडू’ म्हणतात. पकल म्हणजे दिवस आणि वीडू म्हणजे घर. ‘दिवसाचे घर’ हे नाव इतके समर्पक आहे की मराठीतही ते चालवावयास हरकत नाही. महाराष्ट्रातील शहरांतून ज्येष्ठ नागरिकांची विरंगुळा केंद्रे आहेत. परंतु वर्तमानपत्र व गप्पा यांसाठी पायी चालत येणाऱ्या धडधाकट माणसाची बैठक निराळी, आणि ज्याला उठताबसता दुसऱ्याचा हात लागतो त्याचे दिवसाचे घर निराळे.

या घरांची गरज किती मोठी आहे हे आकड्यांवरून दिसते. २०११ च्या जनगणनेत साठ व त्याहून अधिक वयाच्या माणसांची संख्या देशात सुमारे १० कोटी ३८ लक्ष, म्हणजे लोकसंख्येच्या शेकडा ८.६ भरली; महाराष्ट्रात हेच प्रमाण शेकडा ९.९ होते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्ध राहू शकतील अशा वृद्धाश्रमाची तरतूद सांगितली आहे. परंतु बहुसंख्य वृद्ध निराधार नाहीत. त्यांना घर आहे, माणसे आहेत. दिवसाचे आठ-नऊ तास मात्र त्यांच्याजवळ कोणी नाही.

असे केंद्र काढावयाचे ठरले म्हणजे पहिला प्रश्न जागेचा येतो, आणि पहिली चूकही तेथेच होते. मंडईच्या माडीवर एखादा दिवाणखाना रिकामा असतो, समाजमंदिराचा वरचा मजला दुपारी वापरात नसतो; जागा फुकट मिळते म्हणून ती पत्करली जाते. परिणाम असा होतो की ज्याला जिना चढता येतो तोच तेथे येतो. ज्याला चढता येत नाही तो घरी राहतो, आणि त्याच्यासाठी नोकरी सोडणारी स्त्रीही घरीच राहते. केंद्राच्या नियमांत ‘चालू न शकणाऱ्यांस प्रवेश नाही’ असे कोठेही लिहिलेले नसते. तरी जिना ते काम बिनबोभाट करितो. इमारतच आपली माणसे निवडते, ही गोष्ट चालकांनी प्रथम ध्यानात ठेविली पाहिजे.

म्हणून केंद्र तळमजल्यावर असावे. उद्वाहन, म्हणजे लिफ्ट, असली तरी ती ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी केंद्र बंद पडेल. आणि आग लागली असता तिचा उपयोग करावयाचा नसतो. जागा वस्तीत असावी. मुलाला किंवा सुनेला कामावर जाता जाता वडिलांना पोचविता आले पाहिजे. गावाबाहेर स्वस्त जमीन मिळाली तरी जाण्यायेण्यात दोन तास मोडू लागले की आठ दिवसांत ते पोचविणे थांबते. दवाखाना जवळ असावा. हमरस्ता अगदी दारात नसावा, कारण वाढत्या वयात प्रथम बारीक व उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात आणि गोंगाटात समोरच्याचे बोलणे उमगत नाही. फाटकाच्या आत रिक्षा किंवा मोटार उभी राहील एवढी मोकळी जागा व तिच्यावर छप्पर असावे, म्हणजे आषाढातल्या सरीतही माणूस कोरडा उतरेल. उतरताना हाताने धरावयास जवळच एक भक्कम गज असावा.

यापुढे जोत्याचा प्रश्न येतो. मुंबईसारख्या शहरात जोते उंच घ्यावे लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे तेथील लोक विसरलेले नाहीत. परंतु जोते जितके उंच तितका उतरता मार्ग, म्हणजे रॅम्प, लांब लागतो. भारतात यासाठी मान्य प्रमाण १ : १२ आहे, एक हात चढावयास बारा हात लांबी पाहिजे. साठ सेंटिमीटर जोत्याला ७.२ मीटर, नव्वद सेंटिमीटर जोत्याला १०.८ मीटर लांबीचा रॅम्प लागेल, आणि खाली, वर व लांब रॅम्पला मध्येही सपाट विसावा लागेल. वृद्धांसाठी १ : १५ किंवा १ : २० हा अधिक सौम्य चढ बरा. हे गणित भूखंड घेण्यापूर्वीच करावयाचे असते. इमारत उठल्यावर जागा उरत नाही. मग दारापुढे घसरगुंडीसारखा एक तुकडा ओतला जातो, त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही व उतरताना आवरत नाही.

रॅम्प केला म्हणून पायऱ्या काढून टाकू नयेत. काठी घेऊन चालणाऱ्या कित्येकांस उतारापेक्षा पायरीच सोपी वाटते. पायरी पंधरा सेंटिमीटरहून उंच नसावी व पाऊल ठेवावयास तीस सेंटिमीटर रुंदी असावी. रॅम्प व पायऱ्या या दोहोंस दोन्ही बाजूंनी कठडा पाहिजे. पक्षाघाताने ज्याची डावी बाजू गेली आहे, त्याला जाताना उजवीकडचा कठडा उपयोगी पडतो व येताना समोरच्या बाजूचा.

आता दाराशी येऊ. मराठी घरात उंबरठ्याला मान आहे. सणावारी त्यावर हळदकुंकू वाहतात. परंतु फरफटत पाऊल टाकणाऱ्या माणसाला तो अडखळवितो आणि चाकाच्या खुर्चीला अडवितो. या घरात उंबरठा जमिनीशी सपाट असावा. हळदकुंकू वाहावयाचे तर वेगळ्या रंगाच्या दगडाची पट्टी जमिनीत बसवून तिच्यावर वाहता येईल. दार उघडल्यावर मोकळी रुंदी निदान नव्वद सेंटिमीटर मिळावी. दाराशीच आणखी एक संकट असते, ते परदेशी पुस्तकांत सापडावयाचे नाही. मराठी माणूस चपला बाहेर काढतो. त्यासाठी म्हातारा मनुष्य एका पायावर उभा राहतो, वाकतो आणि तोल जाऊन पडतो. तेथे एक बाक व हाताशी एक गज, एवढी साधी सोय केली तरी खुब्याची कित्येक हाडे शाबूत राहतील.

मुख्य दालन किती मोठे असावे, हे डोकी मोजून ठरवू नये. एका चाकाच्या खुर्चीला जागच्या जागी वळण्यास दीड मीटर व्यासाचे वर्तुळ लागते. चौकटीचा आधार घेऊन चालणाराही दोन माणसांची जागा घेतो. सतरंजी व गाद्यांची बैठक दिसावयास सुरेख, पण गुडघे धरलेल्या माणसास तीवरून उठविण्यास दोघे लागतात. खुर्च्या हाताच्या, जड व सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीच्या असाव्या. झोपाळ्याची हौस पुष्कळांना असते. परंतु बसावयास टेकावे तो तो मागे सरकतो, म्हणून बसता-उठताना त्याला अडकविता येईल अशी कडी पाहिजे. पिण्याच्या पाण्याचा माठ उभ्याने हात पोचेल अशा ओट्यावर असावा व खालची जमीन कोरडी राहील अशी मोरी असावी. दुपारी पाठ टेकण्यासाठी निराळी शांत खोली, कुलपाचे औषधांचे कपाट आणि सेविकेला बसल्या जागेवरून सर्व दालन दिसेल अशी मांडणी, या गोष्टी नकाशातच याव्या.

सर्वांत अधिक विचार शौचकूपाचा झाला पाहिजे, आणि नेमका तोच शेवटी उरलेल्या कोपऱ्यात होतो. वृद्धाला घाई आवरत नाही. शौचकूप दूर असला, दिसत नसला किंवा व्यापलेला असला, तर कपडे खराब होतात; आणि असा प्रसंग चारचौघांत एकदा घडला की तो मनुष्य पुन्हा केंद्राचे नाव काढीत नाही. घरी त्याचे कारणही तो सांगत नाही. म्हणून शौचकूप दालनाला लागून, बसल्या जागेवरून दार दिसेल असा असावा. जेवणानंतर सर्वांस एकाच वेळी गरज भासते, म्हणून एकाने भागत नाही. बैठक खुर्चीसारखी, पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस सेंटिमीटर उंच असावी, बाजूला भिंतीत पक्के बसविलेले गज असावे, आणि आत चाकाची खुर्ची व एक मदतनीस मावेल एवढी जागा असावी. दार बाहेर उघडणारे पाहिजे. आत उघडणारे दार असले व मनुष्य आत पडला, तर त्याच्याच शरीराने ते अडते. कडीही बाहेरून उघडता येणारी हवी.

जमीन आणि उजेड यांचा एकत्र विचार करावा. वीस वर्षांच्या माणसाच्या डोळ्यात जेवढा प्रकाश आतल्या पडद्यापर्यंत पोचतो, त्याच्या सुमारे एक-तृतीयांशच साठीच्या माणसाच्या डोळ्यात पोचतो. म्हणून दिवे अधिक पाहिजेत, परंतु झळाळी नको. आरशासारखी चकचकीत फरशी पावसाळ्यात घसरते, आणि उन्हात तिच्यावर पाणी सांडल्याचा भास होतो. ज्यांची स्मृती व समज ढळत चालली आहे, त्यांना गडद रंगाचे पायपुसणे जमिनीतल्या खड्ड्यासारखे दिसते व ते तेथेच थबकतात. जमीन एकरंगी, खरबरीत व निस्तेज असावी. भिंतीचा, दाराचा व गजांचा रंग तिच्याहून स्पष्ट निराळा असावा. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरी बैठक व पांढराच गज अशा न्हाणीघरात मंद दृष्टीच्या माणसास काहीच सापडत नाही. दारांवर ठळक अक्षरांबरोबर चित्रही असावे. सायंकाळी अशा माणसांची अस्वस्थता पुष्कळदा वाढते, म्हणून अंधार पडण्यापूर्वीच दिवे लावावे.

स्मृती गेलेला मनुष्य एका जागी बसत नाही. त्याला चालावयाचे असते. त्याला दटावून बसविण्यापेक्षा अंगणात फेरी मारून पुन्हा निघाल्या जागी येईल अशी वाट आखावी. जुन्या वाड्यातील चौकाभोवतीची पडवी या कामी नामी असते. कुंपण असावे, पण ते तुरुंगासारखे दिसू नये, वेलींनी झाकावे. झाडे मात्र पारखून लावावी. कण्हेर विषारी आहे व बोगनवेलीला काटे असतात. तुळस, मोगरा, पारिजातक यांची ओळखीची माया निर्धोक आहे. विदर्भ-मराठवाड्यात पश्चिमेची भिंत झाडांच्या किंवा पडवीच्या सावलीत ठेवावी, कारण वृद्धाच्या शरीराला उष्मा लवकर बाधतो व तहान उशिरा कळते. कोकणात खिडक्यांवरची पाखे खोल असावी. बाहेर पडण्यास दोन निरनिराळ्या बाजूंना दारे असावी, आणि दोन्हींपुढची वाट सामान ठेवून अडवू नये.

या सर्वांस फार खर्च येतो, असा आक्षेप घेतला जातो. बाहेर उघडणारे दार आत उघडणाऱ्या दाराहून महाग नसते; खरबरीत फरशी चकचकीत फरशीहून महाग नसते. खर्च येतो तो बांधल्यानंतर फोडून पुन्हा करण्याला. शिवाय हा आता केवळ दयाधर्माचा विषय राहिलेला नाही. दिव्यांगांच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक वापराच्या इमारती सर्वांस सुगम असाव्या असे बंधन घातले आहे, आणि नकाशा त्या नियमांनुसार नसल्यास बांधकामास परवानगी देऊ नये असे सांगितले आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने याविषयी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली आहेत.

जागा पसंत करावयास जाणाऱ्या मंडळींनी नकाशाबरोबर चाकाची एक खुर्चीही न्यावी. आपल्यापैकी एकाने तीत बसावे आणि रस्त्यापासून दालनापर्यंत, दालनापासून शौचकूपापर्यंत व तेथून परत, कोणाचा हात न घेता यावे. जेथे खुर्ची अडेल तेथे खूण करावी. त्या खुणा पुसल्यावर मगच उद्घाटनाची तिथी काढावी. मग सकाळी नऊ वाजता आजोबा आपल्या काठीने आत जातील, सून आपल्या कामावर जाईल, आणि सायंकाळी दोघेही दिवसाच्या चार हकीकती घेऊन एकाच घरी परततील.