नेढ्याच्या कडेवरची खूण

कर्जतजवळच्या कोंढाणे लेण्यांचे किंवा खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाचे छायाचित्र संकेतस्थळावर दिसते, तेव्हा त्याची एक प्रत पाहणाऱ्याच्या यंत्रात आधीच उतरलेली असते. त्यामुळे नक्कल रोखण्यासाठी माउसची उजवी कळ निकामी करणे म्हणजे वरातीमागून घोडे. खरी आडकाठी आकारमानाची असते, कारण चित्र हे पिक्सेल नावाच्या रंगीत ठिपक्यांचे जाळे असून, १२०० ठिपके रुंदीची प्रत इंचाला ३०० ठिपके या छपाईच्या नेहमीच्या मापाने जेमतेम ४ इंच रुंद छापता येते. पडद्यावर ती शोभते, पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कामाची नसते.

दुसरा उपाय जलचिन्हाचा, म्हणजे चित्रावर उमटवलेल्या पुसट नावाचा. ते कोऱ्या आभाळावर ठेवले तर शेजारचा निळा रंग फासून सहज नाहीसे होते. परंतु इर्शाळच्या नेढ्याच्या, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकाच्या, कडेवर खडबडीत दगडाच्या पोतात ते गुंतवले, तर पुसणाऱ्याला तो दगडच नव्याने रचावा लागतो (कृत्रिम बुद्धिमत्तेला हल्ली तेही जमू लागले आहे, हे खरे).

तिसरा आधार कायद्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्रावरील हक्क नोंदणीविना निर्माण होतो, छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने हक्कधारकाची माहिती अधिकाराविना जाणूनबुजून काढून टाकणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरला आहे. पैसे देऊन काढवून घेतलेल्या लग्नाच्या छायाचित्रांचा पहिला मालक मात्र, वेगळा करार नसल्यास, छायाचित्रकार नसून ती काढवून घेणाराच असतो.